तिसऱ्यांची खुर्ची

पाच-तीन-दोन हा पत्त्यांचा डाव तिघांचा आहे. आमच्या घरी तो बरीच वर्षं दोघंच खेळत होते, आणि तरीही तिघांचाच खेळत होते.

लहानपणी तिसरा मी असायचो. बाबा टेलिफोनच्या ऑफिसात ट्रंक कॉल जोडून द्यायचे. सकाळपाळी असली की ते दुपारी घरी येत, जेवून झोपत, आणि उठल्यावर चहा झाला की शनिवार पेठेतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात खिडकीपाशी चौकोनी टेबल ओढलं जाई. तीन बाजूंना तीन खुर्च्या, चौथी बाजू भिंतीला. प्रत्येकाला दहा पानं. पिसणाऱ्याने दोन हात करायचे, हुकूम बोलणाऱ्याने पाच, राहिलेल्याने तीन. मला हा खेळ फार आवडायचा असं नाही. पण आई-बाबांना एकमेकांशी बोलायला मध्ये काहीतरी लागायचं, आणि ते काहीतरी म्हणजे मी आणि पत्ते, हे मला लवकर कळलं होतं.

मग नोकरी लागली. मार्केट यार्डात एका कांदा-बटाट्याच्या आडत्याच्या गाळ्यावर मी हिशेब बघतो, अजूनही तिथेच आहे. लग्न झालं. बायको वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवते, म्हणून फ्लॅट तिकडे घेतला. रविवारी मी पेठेत जायचो. अशाच एका रविवारी गेलो, तर टेबलावर तीन ठिकाणी पानं वाटलेली होती.

"कोण आलंय?" मी विचारलं.

"आमचे तिसरे," बाबा म्हणाले. "तू गेलास म्हणून डाव थोडाच बंद ठेवायचा?"

तिसऱ्यांना नाव नव्हतं. बाबा त्यांना "ते" म्हणत, आई "भावोजी" म्हणे. ते साताऱ्याकडचे होते, लग्न न केलेले, चहा बिनसाखरेचा घेणारे. हे सगळं आई-बाबांनी हळूहळू, डाव खेळता खेळता ठरवलं होतं. खेळायला बसले की त्यांच्या वाटची पानं एक दिवस बाबा उचलत, एक दिवस आई. पण नियम असा, की उचलणाऱ्याने आपल्या फायद्याचं खेळायचं नाही, तिसरे जसे खेळतील तसं खेळायचं. आणि तिसरे कसे खेळतील यावरच सगळं भांडण.

"भावोजी आत्ता एक्का टाकणार नाहीत."

"का नाही टाकणार?"

"अहो, ते एक्का दाबून ठेवतात. त्यांचा स्वभावच तसा."

"कंजूष आहेत."

"धीराचे आहेत. तुम्हाला नाही कळायचं ते."

मी दिवाणावर बसून पेपर वाचत हे ऐकायचो. डाव संपायची वाट बघायचो, कारण डाव संपल्याशिवाय आई जेवायला वाढायची नाही आणि मला परत नगर रस्त्याची गर्दी तुडवत घरी जायचं असायचं. एकदा मी बाबांना विचारलं होतं, दिसतात कसे तुमचे तिसरे? त्यांनी जरा विचार केला. "दिसत नाहीत," म्हणाले. "आवाज आहे. जन्मभर माणसं कानानं ओळखली, चेहरे कुणाचे बघितलेत?"

मी हसलो. त्यांच्या तिसऱ्याच्या जागी आधी मी होतो, हे मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं. मला बाजूला सारायची सवय आहे.

पुढे आईला ऐकू येईनासं झालं. यंत्र आणलं, ते तिने एक आठवडा लावलं आणि डब्यात ठेवून दिलं. कुकरची शिट्टी डोक्यात जाते म्हणाली. बाबा ओरडून बोलायला लागले. हुकूम काय, हे शेजारच्या घरात कळे, पण तिला कळत नसे. आणि गंमत अशी, की तिसऱ्यांचं बोलणं तिला पूर्वीपेक्षा जास्त ऐकू यायला लागलं. आधी भावोजी एखाददुसरं वाक्य बोलायचे. आता ते बोलतच असायचे. आज उकडतंय म्हणायचे, पोह्यांत मीठ कमी पडलं म्हणायचे.

"मी इतका घसा फोडतोय ते ऐकू येत नाही," बाबा एकदा टेबलावर हात आपटून म्हणाले, "आणि त्यांचं येतं?"

आईने त्यांच्या ओठांकडे बघून अंदाज घेतला. "ते ओरडत नाहीत," ती म्हणाली.

त्यात दुःख काही नव्हतं. तिला जे कानांतून येत होतं ते बंद झालं, आणि जे कानांतून कधी आलंच नव्हतं ते मोकळं झालं. आई गेली त्याआधीचे बरेच दिवस भावोजी तिच्याबरोबर होते, दवाखान्यातसुद्धा. मी नव्हतो. मी दिवसाआड जात होतो, गाळ्यावर माल उतरायचे दिवस होते.

ती गेल्यावर बाबांनी डाव चालू ठेवला. आईची पानं ते उलटी ठेवत आणि वरून जे येईल ते तिचं समजत. तिसऱ्यांची पानं मात्र उचलून, विचार करून खेळत. भांडणही दोन्ही बाजूंनी तेच करत. शेजारचे मला जिन्यात थांबवून सांगत, "वडील एकटेच बोलतात हो." मी म्हणायचो, हो, त्यांची सवय आहे ती.

मग त्यांचे डोळे गेले. पूर्ण काळोख नाही, पण मधलं दिसेना. डोळ्याच्या पडद्याचा नेमका मधला भाग निकामी झाला. कडेकडेचं धूसर दिसे. समोरच्या माणसाकडे बघायचं तर ते मान वाकडी करून त्याच्या खांद्याकडे बघत. पत्ते तर गेलेच. बदाम की चौकट, राजा की गुलाम, काही कळेना. एकदा गॅस पेटवताना हात भाजला, आणि मी त्यांना वाघोलीला आणलं. विचारलं नाही. सांगितलं.

टेम्पोत टेबल टाकलं, कारण त्याशिवाय ते येणार नव्हते. खुर्च्या मी दोन आणल्या. एक त्यांना, एक त्यांच्यासमोर जो कोणी बसेल त्याला. तिसरी भंगारवाल्याला देऊन टाकली. माणसं मोजली आणि तेवढ्या खुर्च्या आणल्या, इतका साधा विचार होता.

संध्याकाळी त्यांनी टेबलाभोवती हात फिरवून बघितला.

"तिसरी?"

"बाबा, बसणार कोण तिच्यावर?"

"बरोबर आहे," म्हणाले. "मोजून आणल्यास. हिशेबातला माणूस."

मी तेव्हा मनाशी अशी समजूत करून घेतली होती, की आईचं झालं तसंच बाबांचं होईल. डोळे गेले तर तिसरे आणखी जवळ येतील. त्यांना चेहरा कधी नव्हताच, मग दृष्टी गेल्याने त्यांचं काय जाणार? बाबांना सोबत राहील, मला फार बसावं लागणार नाही. ही समजूत मला फार सोयीची होती.

काही आठवडे गेले. एका सकाळी बाबा माझ्या बायकोला म्हणाले, "त्या पोरीला खायला दे काहीतरी. केव्हाची बसलीय."

"कुठली पोरगी, बाबा?"

"ही काय, समोर. फ्रॉकवाली."

समोर रिकामी खुर्ची होती. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी घाबरलो. बाबाही दचकले असावेत, पण तासाभराने त्यांनी स्वतःच निकाल लावला. "नाहीये ती," म्हणाले. "माझ्या हाताची बोटं मला दिसत नाहीत, आणि हिच्या फ्रॉकवरचं एकेक फूल दिसतं. म्हणजे ती नाही."

त्यानंतर रोज कोणी ना कोणी यायला लागलं. गॅलरीच्या कठड्यावर फेटेवाले पुरुष ओळीने बसलेले असत. कधी भिंतीवर जाळीची नक्षी उगवे. पोरगी तर कायमची. सगळे गप्प. बाबा त्यांच्याशी बोलत नसत. बोलून उपयोग नाही, ते ऐकणारे नाहीत, असं म्हणायचे. सिनेमाच्या पडद्यावरच्या माणसांना आपण हाक मारतो का?

मी त्यांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "नसलेल्या माणसांशी बोलतात का?"

बाबा माझ्या खांद्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हो. बरीच वर्षं."

मी खोटं बोललो नाही. पण मी तिसऱ्यांबद्दल बोलत होतो आणि डॉक्टर पोरीबद्दल विचारत होते, हे मला कळत होतं, आणि ते वेगळं करून सांगायला दोन मिनिटं लागली असती. बाहेर रांग होती. मला बारापर्यंत यार्डात पोचायचं होतं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली.

रिक्षात बाबा म्हणाले, "ज्यांच्याशी बोलत होतो ते सभ्य गृहस्थ होते. जे दिसतात त्यांच्याशी मी चकार शब्द काढलेला नाही. तू दोघांची एकच मोट बांधलीस."

"बाबा, तुमच्या भल्यासाठीच..."

"आख्ख्या पुण्यात साक्षीला तूच सापडलास."

गोळीने ते सुस्त झाले. जेवताना घास तोंडात राही. मान छातीवर पडे, शर्ट पुढून लाळेने ओला. पोरगी काही गेली नाही. बायकोला ते बघवेना. ती म्हणाली, डोळ्यांचं आहे तर डोळ्यांच्या डॉक्टरांना का नाही विचारत आपण? मला ते सुचलं नव्हतं, की सुचून मी पुढे ढकललं होतं, आता सांगता येत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी सरळ बाबांनाच विचारलं, "काय काय दिसतं, आजोबा?" बाबांनी सगळं सांगितलं, फ्रॉकवरची फुलंसुद्धा. त्या म्हणाल्या, हे पुष्कळांना होतं, लोक वेडे ठरू या भीतीने सांगत नाहीत. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदू रिकामा बसत नाही, आपली आपण चित्रं काढत बसतो. बाबा म्हणाले, "म्हणजे उद्योग नाही म्हणून." त्या हसल्या. आमच्या डॉक्टरांशी त्या स्वतः फोनवर बोलल्या, आणि त्यांनी गोळी कमी करत करत बंद केली.

बाबा पुन्हा ताळ्यावर आले. चहात साखर जास्त झाली म्हणाले, बातम्या वाचणाऱ्या मुलीच्या उच्चारांतल्या चुका काढल्या. मला वाटलं, सुटलो.

एका सुट्टीच्या दिवशी गॅलरीत बसलो होतो. खाली नगर रस्त्यावर हॉर्न चालू होते. मी विचारलं, "तिसरे काय म्हणतात?" त्यांच्याबद्दल आपण होऊन मी पहिल्यांदाच विचारत होतो.

"येत नाहीत."

"गोळीमुळे?"

"गोळी केव्हाच बंद झाली."

"मग?"

"बसायचं कुठे त्यांनी?"

मला वाटलं, खुर्चीवरून टोमणा आहे. तसा तो होताही. पण ते पुढे बोलत राहिले, थांबत थांबत, पूर्वी फोनवर लांबच्या गावचा नंबर सांगत तसे.

"डोळे होते तेव्हा समोर रिकामी खुर्ची दिसायची. रिकामी दिसायची म्हणून त्यांना तिथे बसता यायचं. आता ती रिकामी राहतच नाही. ही पोरगी बसलेली असते. ती दिसते, रे. दिसणाऱ्याला उठवून न दिसणाऱ्याला कसं बसवायचं?" मग जरा वेळाने, "तुझ्या आईचं बरं होतं. तिला ऐकू येत नव्हतं, पण मध्ये दुसरं कुणी बोलतही नव्हतं."

मला त्या दिवशी खरोखर थकवा आला. तसा मी बरीच वर्षं थकलेलाच आहे. पण तो रस्त्याचा, गाळ्याचा, उन्हाचा थकवा असतो, झोपलं की जातो. हा वेगळा होता. या माणसाला सोबत होती. ती मी माझ्या जागी बसू दिली, कारण मला उठून जायचं होतं. आता तीही गेली, आणि जागा पुन्हा रिकामी होती. रिकामी म्हणजे फ्रॉकवाल्या पोरीने भरलेली.

पुढच्या सुट्टीला मी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून बाबांच्या टेबलाशी नेऊन ठेवली. सुई तापवून पत्त्यांच्या कोपऱ्यांत टोचे मारले. इस्पिकला एक, बदामला दोन, असं. कडेला नंबराच्या खुणा. दुपार गेली त्यात. बाबांची बोटं अजून शहाणी आहेत. दोन-चार दिवसांत त्यांना पानं ओळखता यायला लागली. पान टाकताना नाव मोठ्याने सांगायचं, असं ठरवलं.

पहिल्या दिवशी मी चूक केली. तिसऱ्यांची पानं उचलली आणि आवाज जरा घोगरा काढून, साताऱ्याकडचा हेल आणून म्हणालो, "काय मग, चहा बिनसाखरेचा हाय ना?"

बाबांनी मान वाकडी केली. "नाटक नको," म्हणाले. "ते शुद्ध बोलतात."

नंतर मी गप्प राहून खेळू लागलो. माझी पानं आणि तिसऱ्यांची पानं, दोन्ही मीच. बाबा हुकूम बोलत, पानं टाकत, हात मोजत. पण डाव कोरडा चालला होता. ते खेळून घेत होते, मी खेळवून घेत होतो. समोरच्या खुर्चीवर ती पोरगी होती. मी विचारलं की ते सांगत, "आहे." एवढंच.

परवाच्या सुट्टीची गोष्ट. दुपारची वेळ, बायको आत कॉलेजचे पेपर तपासत बसलेली. बाबांनी उतारी केली.

"बदामचा राजा."

तिसऱ्यांच्या हातात बदामचा एक्का होता, दश्शीही होती. मी एक्का टाकला. राजा मारला, हात झाला, डाव पुढे सरकला. मला तो पुढेच सरकवायचा होता, कारण डोळे मिटत होते. "बदामचा एक्का," मी म्हणालो.

बाबांचा हात हवेतच थांबला. "कुणी टाकला?"

"तिसऱ्यांनी."

"त्यांनी टाकलेला नाही. तू टाकलास. ते एक्का दाबतात."

"बाबा, पान ते पान. कुणी का टाकेना."

त्यांनी पत्ते जुळवून टेबलावर उपडे ठेवले. रागावून नाही. दुकान बंद करतात तसे. हात मांडीवर घेतले आणि खिडकीकडे तोंड केलं, जिथे त्यांना थोडा उजेड कळतो. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. हे पत्ते आता पुन्हा उचलले जाणार नाहीत, हे मला दिसत होतं. मग ते तसेच बसतील. रोज. पोरगी समोर, फेटेवाले कठड्यावर.

"दाबतात, पण तुमच्यावर नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"ते एक्का दाबायचे ते आईची उतारी असली की. तुमचा राजा आला की लगेच मारायचे. मी दिवाणावर बसून बघायचो ना. आईचा हात त्यांनी कधी मारला नाही."

हे मला खरोखर आठवलं की त्या क्षणी सुचलं, मला माहीत नाही. बोलताना मात्र ते मला खरं वाटत होतं. दिवाण, पेपर, आईचा बांगड्यांचा हात, समोर पडलेलं पान. त्या पेपरातलं एक अक्षर आठवत नाही. म्हणजे मी काहीतरी बघत असणार.

"उगाच," बाबा म्हणाले. "तिचीही पानं मारली आहेत त्यांनी."

"एक दाखवा."

"दिवाळीत. तू नव्हतास."

"दिवाळीत मी होतो. तुम्ही चिडून उठलात, ते तुमचा राजा गेला म्हणून. आई म्हणाली, भावोजींना कळतं कुणाचं मारायचं ते."

बाबांचे ओठ हलत होते. ते जुने डाव पुन्हा मांडत असावेत, एकेक पान आठवून.

"ती म्हणायची असं खरं," शेवटी ते म्हणाले. मग जरा वेळाने, "म्हणजे इतकी वर्षं नेमका माझाच राजा मारत होते. आणि मी त्यांना कंजूष म्हणत होतो."

"हो."

"लबाड माणूस."

त्यांनी चाचपडत पानं उचलली आणि पुन्हा पंख्यासारखी धरली. मग मान वाकडी करून समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघितलं आणि लहान मुलांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "ऊठ गं बाळ. त्यांना बसू दे."

त्या पोरीशी ते पहिल्यांदाच बोलत होते. मी हातातली पानं मिटली. आतून बायकोनेही पेपर तपासायचा थांबवला असावा.

"उठली?" मी विचारलं.

"ती कसली उठतेय," बाबा म्हणाले. "पण सरकली कडेला." त्यांनी हातातल्या पानांवरून अंगठा फिरवला. "एक हात झाला त्यांचा. उतारी त्यांची आहे. नीट विचार करून टाक."